सुमनचं पुढे काय झालं?

२१ नोव्हेंबर १९८८
पिंप्राळा, जळगाव

बाबांनी मला न विचारता हो सांगून टाकलं.

रेल्वेत त्यांच्याबरोबर असलेले गिरधरकाका आता डॉ. चौधरींच्या दवाखान्यात बसतात. डॉक्टर मनाच्या आजारांचे. त्यांना एक बाई हवी आहे, म्हणे. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, खेड्यात फिरायची तयारी असलेली. बाबा म्हणाले, "माझी लता आहे ना!" जणू घरात एक जादा सतरंजी आहे.

काम असं: एरंडोल तालुक्यात गावोगावचे आरोग्य रक्षक, दाया, अंगणवाडीच्या बाया, मलेरियाचे कर्मचारी यांना मनाच्या आजारांबद्दल किती कळतं ते मोजायचं. मग डॉक्टर त्यांना शिकवणार. मग पुन्हा मोजायचं.

मी म्हटलं, घर कोण बघणार? बाबा म्हणाले, "मी गार्डाच्या डब्यात शेगडीवर पिठलं करून खाल्लंय. तू घराचं मला सांगू नकोस."

घरात तसं काम उरलेलंही नाही. आई होती तेव्हा तिचं औषध, अंघोळ, कूस बदलणं यात दिवस जायचा. ती गेल्यापासून दुपार फार लांब होते. मला काही झालेलं नाही. झोप लागत नाही, ती पंख्याच्या आवाजामुळे. नोव्हेंबरात पंखा कोण लावतं, असं बाबा म्हणाले. 

२८ नोव्हेंबर

डॉ. चौधरी सरांनी काम समजावलं. उंच, किरकोळ माणूस. बोलताना सारखं रुमालाने टेबल पुसतात.

प्रश्न थेट विचारायचे नाहीत. दोन गोष्टी वाचून दाखवायच्या आणि विचारायचं: या माणसाला काय झालंय, कशामुळे, तुम्ही काय कराल?

पहिली गोष्ट सुमनची. वय तीस. काही महिन्यांपासून तिचं कशात मन लागत नाही. पहाटे जाग येते, मग झोप नाही. जेवण जात नाही. पूर्वी गाणी म्हणायची, आता शेजारणीकडेही जात नाही. आपला कुणाला उपयोग नाही असं तिला वाटतं.

दुसरी गोपाळची. वय बावीस. कॉलेज सोडलं. एकटाच बोलतो. कुणी तरी आपल्याबद्दल वाईट बोलतंय असं त्याला ऐकू येतं. घरच्यांनी जेवणात काही घातलंय म्हणून ताट फेकतो.

सर म्हणाले, "चेहरा कोरा ठेवायचा. उत्तर बरोबर असो की चूक, मान हलवायची नाही." ते मला जमेल. चेहरा कोरा आहे असं बाबा रोज म्हणतातच.

गोपाळची गोष्ट चांगली लिहिली आहे. सुमनची जरा ताणून लिहिल्यासारखी वाटली. एवढ्याने कुणी आजारी होतं का?

५ डिसेंबर

पहिला दिवस. सकाळच्या एसटीने एरंडोल, तिथून दुसऱ्या गाडीने आरोग्य केंद्र. औषधांच्या खोक्यांमागे मला टेबल-खुर्ची दिली आहे. एकेकाला आत बोलवायचं.

मंदाबाई, अंगणवाडी सेविका. सुमनची गोष्ट संपायच्या आत त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. सासू आहे का? मुलं किती? नवरा कुठे कामाला? मी म्हटलं, गोष्टीत एवढंच आहे. त्या म्हणाल्या, "मग अर्धी गोष्ट आहे, बाई. नवऱ्याशिवाय कसं सांगू?"

देवचंदभाऊ, मलेरियाचे. दोन्ही गोष्टी डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाले, "रक्ताचा नमुना घेतला का?"

मग द्रौपदाबाई. सोनखेडीच्या दाई, साठीच्या आसपास, हातात कडं, आवाज असा की बाहेर बसलेल्यांनाही उत्तर कळावं. सुमनला काय झालंय? "जीव कोमायना तिना." म्हणजे कोमेजला. का? "ते तिले इचारनं पडी." काय कराल?

"तिले जेवाले बोलावसू. कापूस येचाले संगे लई जासू. एकली ठेवाव नही."

"मग?"

"मंग आखो बोलावसू."

पुन्हा बोलावणार, पण डॉक्टरकडे पाठवण्याचा उल्लेखच नाही. मला शून्य द्यावं लागलं. उठताना त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. "डबा लयनात का, बाई?" मी म्हटलं, दुपारी मला भूक नसते. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग गेल्या.

९ डिसेंबर

सोनखेडीचे तोतारामभाऊ, आरोग्य रक्षक. गावात किराणा दुकान, आणि दुकानातच औषधांची पेटी. ते आले म्हणजे व्हरांड्यात हशा. कुणाच्या म्हशीची, कुणाच्या जावयाची नक्कल करत होते. असा माणूस भराभर उत्तरं देणार म्हणून मी खूश.

सुमनचं त्यांनी छान सांगितलं. "मनाला लागलेलं आहे. सरकारी दवाखान्यात न्यावं." पैकीच्या पैकी.

गोपाळची गोष्ट निम्मी वाचून झाली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. वाचून संपली तरी पुसत होते.

"याला काय झालं असेल, भाऊ?"

"माहीत नाही."

"कशामुळे?"

"माहीत नाही. असलं आमच्या गावात नाही."

"पण असा कुणी भेटला, तर काय कराल?"

"काय करणार, बाई?"

शून्य. गोपाळच्या गोष्टीत आतापर्यंतचं सगळ्यात कमी. आरोग्य रक्षक म्हणून गावाने निवडलेला माणूस! दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "बाई, त्या गोपाळचं लगीन झालेलं होतं का?" मी म्हटलं, गोष्टीत नाही. "आणि पुढे? बरा झाला का तो?" मी म्हटलं, गोष्ट इथेच संपते.

चहा आला होता, तो न घेताच गेले. दुकानावर गिऱ्हाईक थांबलं असेल.

१६ डिसेंबर

फजिती. आज एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "काय म्याडम, सुमनचं पुढे काय झालं?"

गोष्ट माझ्या आधी गावोगाव पोहोचते आहे. आज आलेल्या केसरबाई नर्सने मला वाचूच दिलं नाही. "सुमन ना? माहिती आहे. तिला माहेरी पाठवा, असं आमच्या गावाचं म्हणणं पडलं." गावाने बैठक घेतली की काय! एरंडोलच्या स्टँडवर भजीवाल्याने मला भजी देऊन सल्ला दिला की गोपाळचं लग्न लावू नका, पोरीचं वाटोळं होईल.

सरांना सांगितलं. वाटलं, चिडतील, सगळं मोजमाप बिघडलं म्हणून. ते इतके हसले की टेबल पुसायचं राहिलं. "लताबाई, तालुकाभर लोक मनाच्या आजाराबद्दल बोलतायत. बिघडू द्या."

भजी बरी होती. दोन खाल्ली.

२४ डिसेंबर

द्रौपदाबाई आठवडाभर निरोप पाठवत होत्या: कापूस वेचायला या. शेवटी गेले. गुणांसाठी गोड बोलत असणार, हे मला कळतं. तरी गेले.

मला वेचता येत नाही. बोंडाचा काटा बोटांना लागतो आणि कापूस अर्धा आतच राहतो. माझ्या ओळीत मागून येऊन बाया उरलेला कापूस काढत होत्या आणि हसत होत्या. द्रौपदाबाईंनी मला ओटी बांधून दिली आणि म्हणाल्या, गाणं म्हणा. मी म्हटलं, येत नाही. "येस तुले," त्या म्हणाल्या. कशावरून, देव जाणे. मी एक अर्धं म्हटलं. आई दळण निवडताना म्हणायची ते.

दुपारी बांधावर पऱ्हाट्यांच्या जाळात हिरवी वांगी भाजली. लाकडी बडगीत ठेचली, वर तेल, शेंगदाणे, कांद्याची पात. कळण्याची भाकरी. द्रौपदाबाई "खा माय, खा" म्हणत वाढत राहिल्या आणि मी खात राहिले. किती खाल्लं ते लिहीत नाही.

शेजारचा मळा तोतारामभाऊंचा. त्यांनी विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत राखणदार ठेवला आहे वाटतं. त्यांच्या बायको, बेबाबाई, पदराखाली ताट झाकून स्वतः त्याला द्यायला गेल्या. दारातून आत सरकवलं. ताटावर पुरणाचा मांडा होता! राखणदाराला मांडे खाऊ घालणारं घर मी पहिल्यांदा बघितलं. मी तसं म्हटलं तर बाया एकदम आपापल्या भाकरीकडे वळल्या आणि द्रौपदाबाईंनी मला आणखी भरीत वाढलं.

परत येताना एसटीत अशी झोप लागली की पिंप्राळा मागे गेलं, थेट स्टँडवर कंडक्टरने उठवलं.

१५ जानेवारी १९८९

सरांनी दवाखान्याची लूना दिली आहे. एसटीची वाट बघण्यात दिवस जातो म्हणून. मैदानावर शिकवताना बाबा मागून धावत होते, "ब्रेक! ब्रेक!" म्हणून. मी मेथीच्या गाडीवर जाऊन थांबले. मेथीवाल्यासकट सगळे हसले. मीही.

पंखा बंद केला आहे. थंडी आहे.

२ फेब्रुवारी

आज आरोग्य केंद्रात सरांचं शिबिर झालं. सगळे आले होते. 

सर साधं बोलले. गोपाळला जे ऐकू येतं ते त्याला खरंच ऐकू येतं, सोंग नाही. मेंदूचा आजार आहे. आईबापांच्या पापाने होत नाही, करणीने होत नाही. गोळ्या आहेत. वेळ लागतो, पण बरेच जण शेतात काम करू लागतात, घरात बसून जेवू लागतात. "आणि कोंडून ठेवल्याने," सर म्हणाले, "आजार बाहेर जात नाही. माणूस तेवढा आत राहतो."

तोतारामभाऊ मागे दाराला टेकून उभे होते. आज एकही नक्कल नाही.

चहा झाला. मी मागच्या नळावर कप विसळत होते. ते आले आणि माझ्या हातातला कप घेऊन विसळायला लागले. मी म्हटलं, भाऊ, राहू द्या. ते कपाकडेच बघत म्हणाले,

"बाई, तो गोपाळ मना आंडोर शे."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, गोपाळ तर गोष्टीतला आहे.

"माझा मुलगा. पुना नाव त्याचं. अमळनेरला कॉलेजात होता. दोन वर्षं झाली, मळ्यात शे. मोटरच्या खोलीत." मग त्यांनी नळ बंद केला. "तुम्ही वाचत होतात ना, तेव्हा वाटलं, कुणी तरी माझ्या घराचं सांगितलं बाईंना. आरोग्य रक्षक मी. गावाला गोळ्या वाटतो. माझ्या घरात असं, हे कसं सांगू? मुलीला सासरी दिलेली शे. तिचे सासरे तिला याच्यामुळे माहेरी पाठवत नाहीत."

दोन वर्षं. आणि मी त्यांच्यापुढे शून्य लिहून ठेवलं होतं.

  मी सरांना हाक मारली.

५ फेब्रुवारी

मळ्यात गेलो. सर, तोतारामभाऊ, बेबाबाई, मी. द्रौपदाबाई न बोलावता आल्या. पुनाचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं, म्हणाल्या, त्यामुळे त्यांचा हक्क.

पुना दार उघडेना. बाहेरची कडी काढली तर आतून त्याने खाट लावलेली. फटीतून दिसत होता. दाढी वाढलेली, डोळे मोठे, अंगावर घोंगडी. सर म्हणाले, जबरदस्ती नको. लताबाई, तुम्ही बोला.

मी एकदम परीक्षेतल्यासारखं बोलायला लागले. तुम्हाला आजार आहे, डॉक्टर चांगले आहेत, वगैरे. तो आतून म्हणाला, "तुम्ही मोटरनी माणसं शेतस."

"मोटरची माणसं? मोटर काय करते?"

"बोलस. मनं नाव लेस. बठ्ठासले सांगस." सुरू झाली की दिवसभर सगळ्यांना त्याच्याबद्दल सांगत राहते, असं तो म्हणाला. जवळच, भिंतीलगत बसवलेली. सगळे तिला नुसती पाणी काढणारी मोटर समजत होते आणि हा तिच्याच खोलीत दोन वर्षं!

बेबाबाई रडत म्हणाल्या, "नही बोलत रे पोऱ्या, मोटर कशी बोलई?" तो भिंतीकडे वळला. हेच ऐकून कंटाळला असणार.

तेवढ्यात वीज आली आणि मोटर घरघरली. तो कान दाबून खाली बसला. मला म्हणाला, "ऐकू वनं का तुमले?"

खोटं बोलवेना. मी म्हटलं, "मला नुसती घरघर ऐकू आली. पण तुम्हाला बोलणं ऐकू येतं, हे मला खरं वाटतं."

 तो फटीजवळ आला. "तुमले खरं वाटस?"

"वाटतं. त्रास होत असेल फार."

"भलता," तो म्हणाला.

मग एकदम सुचलं. मी तोतारामभाऊंना म्हटलं, बाहेरच्या बोर्डातला फ्यूज काढा. त्यांनी काढला. मोटर थांबली. मी तो फटीतून आत दिला. "हा तुमच्याजवळ ठेवा. तुम्ही म्हणाल तेव्हाच मोटर चालू होईल."

तोतारामभाऊंच्या मळ्यात भुईमूग पेरलेला, नुकता उगवलेला. मी हे काय बोलून बसले, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "शेजारच्या विहिरीवरून घेऊ पाणी. नाही मिळालं तर वाळी गया भुईमूग."

पुनाने फ्यूज उलटसुलट करून बघितला. खाट सरकल्याचा आवाज आला. तो बाहेर आला, उजेडात डोळे बारीक करत, मूठ घट्ट आवळलेली. आंब्याखाली बसून सर त्याच्याशी दोन तास बोलले. आम्ही लांब बसलो. बेबाबाई माझा हात धरून होत्या. मलाही तो सोडवावासा वाटला नाही.

आज गोळ्या सुरू झाल्या. पुना मळ्यात परत गेला नाही. घरी, ओसरीवर झोपला आहे. तोतारामभाऊ म्हणाले, गाव काय म्हणायचं ते म्हणो.

२६ फेब्रुवारी

भांडण.

देवचंदभाऊंनी निरोप आणला की तोतारामभाऊंनी गोळ्या बंद केल्या. लूना काढली आणि सोनखेडी गाठली. पुना ओसरीवर लाकडासारखा बसलेला. मान ताठ, हात कडक, तोंडातून लाळ.

"बघा," तोतारामभाऊ म्हणाले, "आधी बोलत तरी होता. आता दगड झाला. गाव म्हणतं, डॉक्टरने पोराला दगड केला."

मी म्हटलं, "भाऊ, हा गोळ्यांचा त्रास आहे, आजार नाही. याच्यावर दुसरी गोळी असते. शिबिरात सरांनी सांगितलं होतं."

"माझं डोकं शिबिरात नव्हतं, बाई!"

"मग आता ठेवा!" मी ओरडलेच. आरोग्य रक्षकावर, त्याच्या ओसरीत, शेजारपाजारचे बघत असताना. मग बेबाबाई आतून म्हणाल्या, "बाई खरं सांगस. दोन वरीस तुमनं ऐकं. आते तिनं ऐका."

त्याच पावली जळगावला. सरांनी चिठ्ठी दिली, गोळी घेतली, परत सोनखेडी, परत जळगाव. बाबा दारात उभे. म्हणाले, "जेवलीस?" मी म्हटलं, वाढा, मरणाची भूक लागली आहे. बाबा उगाच चष्मा पुसत आत गेले. आजकाल सगळे चष्मेच पुसतात.

१ मार्च

मान सुटली. पुनाने स्वतःच्या हाताने चहा प्याला. आईला म्हणाला, साखर कमी आहे. बेबाबाईंनी ही बातमी गावभर सांगितली.

१९ मार्च

आज पुनाने तोतारामभाऊंच्या हातात फ्यूज ठेवला.

मी तिथे होते. भुईमूग अर्धा सुकलेला, शेजारच्या विहिरीचं पाणी पुरत नाही. तो बापाबरोबर विहिरीवर गेला. आम्ही मागे. तोतारामभाऊंनी फ्यूज लावला, बटण दाबायला त्यांचाच हात होईना. पुनाने दाबलं. मोटर घरघरली. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो मान वाकडी करून ऐकत राहिला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

तो हसला. पहिल्यांदा बघितलं मी त्याला हसताना, पुढचा दात थोडा तुटलेला आहे. "काहीच नही. आते नुसती मोटर शे."

पाटात पाणी आलं. तोतारामभाऊ तसेच चपलांसकट पाण्यात उभे राहिले आणि म्हशीची नक्कल करून दाखवली. म्हैस पाण्यात कशी उभी राहते ती. बेबाबाई हसता हसता पदर तोंडात कोंबत होत्या.

सर म्हणतात, हुरळून जाऊ नका. गोळ्या बरेच दिवस चालतील, आवाज पुन्हा येतीलही. ठीक आहे. आज नव्हते.

४ एप्रिल

दुसरं मोजमाप. तीच माणसं, त्याच गोष्टी. पण आता चेहरा कोरा ठेवणं मला जमत नाही. मंदाबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही हसलात म्हणजे उत्तर बरोबर!" आणि पुढचं प्रत्येक उत्तर माझ्या तोंडाकडे बघून दिलं. देवचंदभाऊंनी रक्ताचा नमुना सोडला नाही, पण "आणि डॉक्टरलाही दाखवू" एवढं जोडलं.

तोतारामभाऊंना गोपाळची गोष्ट वाचून दाखवायची मला लाज वाटली. ते म्हणाले, वाचा. पूर्ण ऐकली. मग काय झालंय, कशामुळे, काय करावं, गोळ्यांनी मान ताठली तर काय करावं, कडी का लावू नये, सगळं सांगितलं. "कुणाच्या पापाने?" असं त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं, "कुणाच्याच नाही." ते वाक्य दोनदा म्हणाले.

मी सरांना विचारलं, डिसेंबरचं त्यांचं शून्य खोडू का? त्यांना सगळं माहीत होतं, फक्त बोलवत नव्हतं. सर म्हणाले, "राहू द्या. आपण विचारलं ते एवढंच. आपलं मोजमाप तिथे अपुरं पडलं, हे अहवालात लिहितो."

द्रौपदाबाईंनी मात्र घोळ घातला. सुमनचं उत्तर चोख दिलं, डॉक्टरकडे नेईन म्हणाल्या, जेवायला बोलावणं कायम. आणि मग डोळे मिचकावून म्हणतात, "सुमनले मी दखी. आते चांगली शे. भरीत खास, फटफटीवर फिरस, लोकेसना ओसरीमा भांडस."

कोणती सुमन, कोण जाणे. बाहेर बाया हसत होत्या. शेवटी शेरा लिहावा लागला: काल्पनिक व्यक्ती आणि प्रत्यक्ष व्यक्ती यांत गल्लत.

१४ एप्रिल

जयंती. आईची निळी साडी नेसले, आमच्या वस्तीतल्या बायांबरोबर मिरवणुकीत शेवटपर्यंत गाणी म्हटली. घसा बसला. बाबा म्हणाले, "आवाज आईचा घेतलायस." मी रडले, आणि मग आम्ही दोघांनी आंब्याचा रस केला.

सरांनी पुढचं काम विचारलं आहे. धुळे जिल्ह्यात असंच शिकवायचं. बाबांनी यावेळी परस्पर हो सांगितलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मीच सांगितलं.

८ मे

आखाजी, अक्षय्य तृतीया. सोनखेडीला गेले होते. हात-पाय दुखत आहेत आणि आनंदाने झोप येते आहे, पण लिहून ठेवते.

तोतारामभाऊंची मुलगी सुंदरबाई दोन वर्षांनी माहेरी आली. सासरच्यांनी पाठवलं. स्वतः सासरेच सोडायला आले, ओसरीवर पुनाच्या शेजारी बसून पान खाल्लं, भुईमुगाचं विचारलं आणि गेले. बेबाबाईंनी इतक्या सांजोऱ्या तळल्या होत्या की शेजारच्यांनाही पुरून उरल्या.

गावात माहेरवाशिणींसाठी झोका बांधायचा, नदीकाठच्या निंबाला. दोर घेऊन पुना झाडावर चढला. कुणी सांगितलं नव्हतं. तोतारामभाऊ खाली उभे राहून काही बोलू बघत होते, बेबाबाईंनी त्यांचा हात दाबला. त्याने फांदी निवडली, दोर दोनदा गुंडाळला, गाठी मारल्या, लोंबकळून बघितलं, खाली उतरला आणि फळी बसवली.

"बठा," तो म्हणाला.

कुणी पुढे होईना.

नव्या साड्या नेसलेल्या पोरी, हातावर मेंदी, इतका वेळ गलका करणाऱ्या, सगळ्या उभ्या. एकमेकींकडे बघत. सुंदरबाई पुढे यायला निघाली, पण तिच्या कडेवर मूल, आणि एका म्हातारीने तिचं कोपर धरलं. तोतारामभाऊ जमिनीकडे बघत होते. पुना फळी धरून उभा. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू जायला लागलं.

मी पाहुणी. मी बसावं की नाही, तो मान माझा की नाही, काही विचार केला नाही. पदर खोचला आणि जाऊन बसले. फांदी करकरली.  मी लहानपणापासून झोक्याला भिते, हे बाबांनाही माहीत नाही.

पुना मागे आला. "बाई, जोरमा का हळू?"

हळू म्हणायचं होतं.

"जोरमा," मी म्हटलं.

त्याने दिला. पाय नदीच्या वर गेले, निंबाची पानं तोंडाला लागली, खाली द्रौपदाबाई ओरडत होत्या, मंदाबाई ओरडत होत्या आणि सगळ्यांत मोठ्याने मी ओरडत होते. तोतारामभाऊ वर बघत होते, टोपी हातात.

खाली उतरले तोवर पोरींची रांग लागली होती. "आते मी!" "नही, पहिले मी!" ढकलाढकली. पुना "एकेक, एकेक" म्हणत होता, कुणी ऐकत नव्हतं.

मी पुन्हा रांगेत उभी राहिले. संध्याकाळपर्यंत माझा नंबर आला नाही.